बंद दगडखाण, कचरा डेपो आणि खालचं पाणी: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बंद पडलेली दगडखाण दिसली की नगरपालिकेत कुणाला तरी हमखास सुचतं: खड्डा आयता आहे, जमीन पडीक आहे, वस्ती लांब आहे, मग शहराचा कचरा इथेच का नको? सुचण्यात गैर काही नाही. जगभर जुन्या खाणींत कचरा भरला गेलाय. बंगळुरूने बेल्लहळ्ळी आणि मिट्टगानहळ्ळीच्या दगडखाणी यासाठीच वापरल्या. फक्त भूजलाचं काम करणाऱ्याला तिथे खड्डा दिसत नाही, तालुक्यातली सगळ्यात मोठी विहीर दिसते. ती कचऱ्याने बुजवायची ठरली, तर तिच्यात पाणी येतं कुठून आणि पुढे जातं कुठे, हे आधी कुणीतरी सांगायला हवं. ते आपलं काम.

मी हे काम मुख्यतः पुणे-सातारा भागातल्या काळ्या दगडात करते. भूशास्त्रात एमएस्सी करून नोकरीला लागलेली मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न सॉफ्टवेअर कोणतं शिकू, हाच असतो. सॉफ्टवेअरचं नंतर बघू.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मे महिन्यातली कोरडी खाण. पालिकेला अहवाल पावसाळ्याआधी हवा असतो, कारण निधी मार्चमध्ये येतो आणि निविदा जूनच्या आत काढायची असते. त्यामुळे पहिली भेट भर उन्हाळ्यात होते. तळाला भेगाळलेला चिखल, कोपऱ्यात हिरवट डबकं, आणि सोबतचे अभियंता म्हणतात, "बघा मॅडम, पाणीच नाही इथे." अशा वेळी एकच विचारायचं: खाण चालू असताना इथे पंप किती तास चालायचा आणि तो बंद कधी झाला? खाणमालक खोदकाम कोरडं ठेवायला वर्षानुवर्षं उपसा करतो, त्याने आजूबाजूची भूजल पातळी खाली ओढलेली असते. पंप थांबला की पाणी हळूहळू मूळ जागी परततं. दोन-चार पावसाळेही लागू शकतात. म्हणजे आज मोजलेली पातळी ही खाणीची सवय असते, जमिनीची नव्हे.

हे महत्त्वाचं का, तर घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे (हे आणि पुढचे नियमांतले आकडे २०१६ च्या नियमांतले; त्यांच्या जागी २०२६ चे नियम आलेत, ते ताडून घ्या) लँडफिलच्या तळाशी जो मातीचा अस्तर-थर (लायनर) असतो, त्याच्या बुडापासून भूजलाची सर्वोच्च पातळी किमान २ मीटर खाली असावी लागते. 'सर्वोच्च' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. ही पातळी सप्टेंबरच्या शेवटी, चांगल्या पावसाच्या वर्षी, उपसा बंद असताना मिळते. मे महिन्याचा आकडा तिथे चालत नाही. म्हणून निदान एक अख्खं जलवर्ष, म्हणजे एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, मोजल्याशिवाय मी तळाच्या उंचीवर सही करत नाही. यावरून वाद होतात. होऊ द्या. एक वर्ष मिळत नसेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागवा. त्यांच्याकडे पावसाळ्याआधीची आणि नंतरची मोजमापं असतात. तुमची खाण आणि त्यांची विहीर एकाच पाणलोटात, एकाच थरात आहे का, हे मात्र तपासून घ्या.

मग खाणीची भिंत वाचायची. एरवी बोअर मारून जे अंदाजाने कळतं, ते इथे पंधरा-वीस मीटर उघडं उभं असतं, आणि तरी निम्मे लोक भिंतीकडे पाठ करून ड्रोनचे फोटो काढत असतात. दख्खनचा बेसॉल्ट थरांवर थर असा आहे. एकेका लाव्हा प्रवाहाच्या तळाशी आणि मधे घट्ट काळा पाषाण, वरच्या अंगाला बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, बहुतेकदा पांढऱ्या खनिजांनी भरलेला मांजऱ्या. दोन प्रवाहांच्या मधे कधीकधी गेरूचा तांबडा पट्टा, हातभर ते मीटरभर जाडीचा. पाषाणातून पाणी जातं ते फक्त सांध्यांतून. मांजऱ्या झिजलेला असेल तर त्यातून चांगलं वाहतं. गेरू चिकणमातीसारखा असल्याने खाली जाणारं पाणी अडवतो, आणि ते त्याच्या माथ्यावरून आडवं सरकतं.

ऑक्टोबरमध्ये गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. गेरूच्या वरच्या कडेला ओली पट्टी, तिच्यात उगवलेली नेच्याची हिरवी रांग, खाली कॅल्शियमचे पांढरे ओघळ. तीच भिंत एप्रिलमध्ये कोरडी असते, पण पांढरे डाग राहतात. त्या डागांची उंची मोजा, फोटोवर खुणा करा, कोणत्या दिशेच्या भिंतीवर जास्त आहेत ते लिहा. पाणी ज्या भिंतीतून आत येतं, ती साधारणपणे चढाची बाजू. समोरच्या भिंतीत तोच थर उघडा असेल, तर उद्या कचऱ्याचं पाणी बाहेर पडायची वाट तीच.

सुरुंगांची एक भानगड असते. स्फोटांमुळे तळाच्या आणि भिंतींच्या खडकात नव्या भेगा पडतात, जुन्या रुंदावतात. त्यामुळे खाणीपासून लांब घेतलेल्या बोअरमधला पाषाण कितीही घट्ट निघाला, तरी खाणीच्या तळाचा पाषाण तसाच असेल असं धरायचं नाही. तळातच बोअर घेऊन पॅकर टेस्ट करा. ठरावीक दाबाने खडकात पाणी दाबायचं आणि मिनिटाला किती लिटर जातं ते बघायचं. धरणवाले याचं मोजमाप ल्युजॉनमध्ये सांगतात, आणि एक ल्युजॉनचा खडक त्यांच्या हिशोबी उत्तम. कचऱ्याच्या हिशोबी मात्र गणित वेगळं आहे. नियमाप्रमाणे अस्तराच्या मातीची पार्यता (पाणी झिरपू देण्याची क्षमता) सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोट्यंशापेक्षा जास्त चालत नाही. एक ल्युजॉनचा खडक त्याच्या सुमारे १३० पट गळका आहे. बैठकीत कुणी "खाली सॉलिड रॉक आहे, लायनरची काय गरज" असं म्हणालं, की हा आकडा सांगा.

अस्तरावरही फार विसंबू नका. नियमात ९० सेंटिमीटर दाबलेली माती आणि तिच्यावर १.५ मिलिमीटरची एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकची, शीट आहे. शीट फाटली आणि नुसती माती उरली, असं धरून डार्सीचं सूत्र (मातीतून किती पाणी झिरपेल ते सांगणारं) लावून बघा. मातीवर ३० सेंटिमीटर लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी, साचलं असेल, तर हेक्टरी दिवसाला सुमारे १,१५० लिटर खाली जातं. पंप बंद पडून लीचेट ३ मीटर चढलं, की तेच सुमारे ३,७०० लिटर होतं. हे गणित वहीच्या एका पानावर मावतं, आणि त्यातून कळतं की खरा धोका मातीच्या जाडीपेक्षा लीचेटचा पंप कोण चालवणार, वीजबिल कोण भरणार यात आहे. खाणीला उताराने निचरा नसतो. सपाटीवरच्या डेपोतून पाणी निदान वाहून बाहेर येतं आणि दिसतं, खाणीतलं उपसावंच लागतं. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी एका हेक्टरवर ७० लाख लिटर पडतं.

भिंतींचा प्रश्न तर बहुतेक अहवालांत एका वाक्यात उरकतात. उभ्या कड्यावर माती दाबता येत नाही. शीट टांगली तर कचरा खचताना ती ओढली जाते, आणि मागून झरे येत असतील तर पाणी तिला आत ढकलतं. मीटरभर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे एक टन असतो. भिंत उतरती करायची, की मागे निचऱ्याचा थर देऊन पाणी वेगळं काढायचं, हे डिझाइनवाले ठरवतील. कोणत्या भिंतीतून, कोणत्या उंचीवर, किती पाणी येतं हे त्यांना तुम्हीच द्यायचं.

कोकणात किंवा गोव्यात काम मिळालं तर वरचं निम्मं विसरा. चिऱ्याच्या खाणींत जांभा दगड असतो, त्याची पोकळ जाळी पावसाचं पाणी बघता बघता गिळते. खाली शेडीचा मातकट थर लागतो, तिथे पाणी अडतं आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेला झरा होऊन फुटतं. चिरे काढून खाण शेडीपर्यंत गेली असेल, तर कचऱ्याचं पाणी आणि वाडीचा झरा यांच्यात अडसर म्हणून फारसं काही उरत नाही. अशा जागांना माझा कल सरळ नकाराकडे असतो.

आता विहिरींची पाहणी. नकाशावर खाणीभोवती वर्तुळ काढून त्यातल्या सगळ्या विहिरी, बोअर, झरे पायी फिरून नोंदवायचे. नियमात पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटरचं अंतर आहे, पण खडकातल्या भेगेला ते माहीत नसतं, म्हणून मी उताराच्या बाजूला बरीच पुढे जाते. टेप आणि ईसी मीटर (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा) हवाच, पण त्याहून कामाची असते विहीर खोदलेल्या माणसाशी गप्पा.

"काका, खोदताना काय काय लागलं?"

"वर मुरूम, मग पाषाण. सुरुंग लावले. तीन पुरुसावर (पुरुस म्हणजे माणसाची उंची) मांजऱ्या लागला आन् पानी आलं."

"खाणीत पंप चालू होता तेव्हा?"

"तेव्हा माघातच तळ दिसायचा. पंप थांबला तसं टिकायला लागलं, आता पार चैतापर्यंत."

या दोन उत्तरांत खाण आणि विहीर एकाच जलधरावर, म्हणजे पाणी धरणाऱ्या एकाच थरावर, असल्याचा पुरावा आहे, तोही फुकट. अर्थात अशी साक्ष पातळ्या मोजून ताडून घ्यायची. गावाला डेपो नको असेल तर आठवणी त्या बाजूला झुकतात, आणि जमीनमालकाला पैसे मिळणार असतील तर दुसऱ्या. विहीर फक्त पुरुष दाखवतात हेही लक्षात ठेवा. पिण्याचं पाणी कुठून भरतात, ते घरातल्या बायकांना विचारा.

पाण्याचे नमुने कचऱ्याची पहिली गाडी येण्याआधी घ्यायचे. नियमातही तसं आहे, तरी हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे बघा. पुण्याचा कचरा तिथे वर्षानुवर्षं पडत आला, विहिरी नासल्या, गावं टँकरवर आली, आंदोलनं झाली. अशा ठिकाणी भांडण कोर्टात गेलं की पहिला प्रश्न येतो, आधी पाणी कसं होतं? मूळ पाण्याची नोंद नसेल तर विहिरीचा मालकही अडतो आणि पालिकाही.

दगडखाणीत इथे एक खास गुंता आहे. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, त्याचा उरलेला अंश पाण्यात उतरतो. त्यामुळे कचरा न टाकताही खाणीच्या पाण्यात नायट्रेट आणि अमोनिया वाढलेले सापडू शकतात, त्यात शेतातल्या युरियाची भर. हे आधी नोंदवलं नाही, तर उद्या तेच कचऱ्याच्या नावावर चढेल, किंवा कचऱ्याचं पाप सुरुंगाच्या नावावर खपवलं जाईल. म्हणून माग काढायला क्लोराइडवर जास्त भरवसा ठेवा. ते मातीला चिकटत नाही, जिवाणूंनी विघटित होत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, पण तिची वाट बघू नका. मूळच्या चाळीसचे नव्वद झाले, तर मर्यादेत असूनही बातमी आहे. फक्त गावच्या सांडपाण्यातूनही क्लोराइड येतं, तेव्हा उताराची एकच विहीर बघून निष्कर्ष काढू नका. चढाची एक विहीर तुलनेला हवीच.

मॉडेलिंगबद्दल थोडक्यात. भूजलाच्या प्रवाहाचं मॉडेल करणारं मॉडफ्लो फुकट मिळतं, नकाशांसाठीचं क्यूजीआयएसही. दोन्ही शिका. पण मॉडफ्लो साधारणपणे खडक वाळूसारखा सलग झिरपता धरून चालतं, आणि आपल्या पाषाणात पाणी ठरावीक भेगांतून पळतं. रंगीत नकाशात प्रदूषण विहिरीपर्यंत पोहोचायला तीस वर्षं लागतात असं आलं, तरी एका सांध्यातून ते एका पावसाळ्यात जाऊ शकतं. अहवालात दोन्ही लिहा.

अहवाल इंग्रजीत जातो, पण पर्यावरण मंजुरीला जनसुनावणी लागली तर सारांश मराठीतही द्यावा लागतो. तो स्वतः लिहा, भाषांतराला देऊ नका. सुनावणीत उभं राहून "तुमच्या विहिरीला धोका आहे की नाही?" याला उत्तर द्यावं लागतं. "अमुक बाजूच्या या विहिरींना आहे, त्या बाजूच्यांना कमी" असं नावानिशी सांगता आलं पाहिजे. पैसे प्रकल्पवाला देतो, त्यामुळे दबाव येतो. वाक्य मऊ करा असं सांगितलं जातं. वाक्य मऊ करा, आकडा करू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर भूशास्त्राची एमएस्सी, त्यात जलभूशास्त्राचा पेपर असेल तर उत्तम. स्थापत्यची मुलंही येतात, त्यांना खडक शिकावा लागतो, आपल्याला मातीचं यंत्रशास्त्र. सरकारी नोकरीसाठी एमपीएससीतून भूजल यंत्रणेतली भूवैज्ञानिकाची पदं निघतात, आणि यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. खासगीत सल्लागार संस्थेला नॅबेटची (पर्यावरण अहवाल करणाऱ्या संस्थांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता आहे का ते बघा. तिथे भूजलाचा तज्ज्ञ म्हणून नाव लागायला अनुभव दाखवावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक जागेची फील्डवही जपा. पहिली दोन वर्षं पगार बेताचा असतो आणि ऊन भरपूर. मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीही विचारा: मोजमापाला पावसाळा देता का? नाही म्हणाले, तर दुसरीकडे अर्ज करा.