‘फुकटचे फोटो’ ग्रुपवर कसे टाकावेत

सुंदर फोटो टाकू नका, ही पहिली अट. येऊरचा पाऊस, तलावपाळीवरची संध्याकाळ, कुणाचं तरी गोड बाळ. यावर ‘वा, मस्त’ याखेरीज माणूस बोलणार काय? आमच्या ‘फुकटचे फोटो’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे फोटो टाकून त्याखाली विनोद करायचा असतो, असलं काही आलं की ‘हे स्टेटसला ठेव गं’ म्हणून बोळवण होते. आम्हाला लागतो ओबडधोबड फोटो, ज्यात एकच वस्तू नको तिथे आहे. विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली प्लास्टिकची खुर्ची, शहाळ्यावर ठेवलेलं हेल्मेट, असलं काहीतरी.

फोटो काढला की आधी कापा. आजूबाजूची गर्दी, दुकानाची पाटी, तुमचं बोट, सगळं उडवा. नजर थेट त्या एका वस्तूवर गेली पाहिजे.

मग फोटोखालची ओळ. खरी मेहनत इथेच आहे. जे दिसतंय ते लिहू नका. ‘बघा, बाकावर एकच चप्पल!’ हे आम्हालाही दिसतंय. ठाणे स्टेशनवरच्या तशा चपलेच्या फोटोखाली मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘दुसरी फास्टला चढली.’ तीन शब्द. त्यावर कळव्याहून उत्तर आलं, ‘कल्याणला भेटतील.’ पुढे कुणी काही लिहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ओळ सुचत नसेल तर सरकारी आवाज उसना घ्या. रेल्वेची उद्घोषणा, सोसायटीची नोटीस, लग्नाची जाहिरात. मांजर कुणाच्या स्कूटरवर पसरलं असेल तर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पार्किंगचे वाटप पूर्ण झाले आहे.’ गंभीर चेहऱ्याने लिहा. स्वतःच्याच विनोदाखाली रडून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावणाऱ्यांना माझ्या मते दोन दिवस ग्रुपबाहेर बसवावं.

उत्तर देणाऱ्याचंही काम असतं. नुसतं ‘हाहाहा’ म्हणजे दार लावून घेणं. एक वीट वर चढवा. हिवाळ्यात नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो येतात, चिखलात मान खाली घालून खात असतात. तसल्या थव्याच्या फोटोखाली कुणी लिहिलं, ‘सगळ्यांची मिळून एकच किल्ली हरवली आहे.’ दुसरी म्हणाली, ‘मान वर करून उभा आहे तो सेक्रेटरी.’ मग मीही लिहिलं, ‘किल्ली त्याच्याच खिशात आहे.’ तिथे थांबायचं. चौथा विनोद बहुतेक वेळा तिसऱ्याचं स्पष्टीकरण असतो. आणि कुणीच उत्तर दिलं नाही तर समजावून सांगायला जाऊ नका. फोटो मेला, सोडून द्या.

माणसांचे फोटो मात्र नाहीत. लोकलमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली बाई दिवसभर राबून आलेली असते, तिच्यावर कसलं हसता? गाडीचा नंबर, दारावरची नावाची पाटी दिसत असेल तर पाठवण्याआधी व्हॉट्सॲपमध्येच बोट फिरवून धूसर करता येते. आणखी एक: फोटो नेहमी फोटो म्हणूनच पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला याची आतली माहितीही सोबत जाऊ शकते. आपल्या गॅलरीतल्या कुंडीवर हसावं, पत्ता वाटू नये.

ओळीत चूक राहिली तर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येते. फोटो चुकून सासरच्या ग्रुपवर गेला तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची सोय साधारण दोन दिवस असते, पण काकांनी तोवर पाहिलेला असतोच. ‘काय डिलीट केलंस?’ असं विचारायच्या आत गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ टाका. रात्रीचे नऊ वाजले असले तरी चालतं.