साथीच्या काळात गावात होणाऱ्या या चुका टाळा

२०२० च्या उन्हाळ्यात विदर्भातल्या कितीतरी गावांत पाठीवर फवारणी पंप अडकवून जंतुनाशकाच्या पाण्यानं गल्ल्या, ओटे, देवळाच्या पायऱ्या आणि उभ्या मोटरसायकली धुऊन काढल्या गेल्या. काही ठिकाणी तर पुण्या-मुंबईहून परतलेल्या माणसांवरही तेच पाणी मारलं. कोरोना मुख्यतः श्वासातून आणि कोंदट जागेतल्या हवेतून पसरतो, हे आता पुरतं स्पष्ट झालं आहे. तरीही साथ म्हटली की आपला हात आधी औषधाच्या डब्याकडे जातो, नाहीतर प्लास्टिकच्या पाकिटाकडे. पैसा जातो, पाणी नासतं, उकिरडा भरतो आणि रोग ज्या वाटेनं येतो ती वाट मोकळीच राहते. पुढची साथ फ्लूची येवो की आणखी कशाची, यातल्या बहुतेक चुका पुन्हा होणार. म्हणून एकेक बघून घेऊ.

गावभर फवारणी

रस्त्यावर, मातीवर मारलेलं ब्लिचिंग किंवा हायपोक्लोराइट (हेही क्लोरीनचंच औषध) तिथल्या धुळी-घाणीतच खर्ची पडतं. विषाणूपर्यंत ते पोचतच नाही. वर वास छातीत भरतो, दमेकऱ्यांना ढास लागते, आणि उरलेलं पाणी नालीतून कुठं जातं हे आपल्याला माहीतच आहे. माणसांच्या अंगावर फवारणी करू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. माणसांवर जंतुनाशक मारणाऱ्या बोगद्यांवर बंदी आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला दिला. आपल्याकडे ते बोगदे बाजार समितीच्या फाटकावरही उभे राहिले होते.

खरा धोका पंपाचा आहे. काल संत्र्यावर कीटकनाशक मारलेला पंप आज गल्लीत फिरतो. "काकाजी, पंप धुतला का?" असं विचारलं तर "धुतला ना बापा, दोन गडवे पाणी फिरवलं" असं उत्तर येतं. दोन गडवे पाण्यानं टाकी, नळी आणि नोझल साफ होत नाही. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या मुलखानं हे पाहिलं, त्यानं तरी शेताचा पंप गावात आणू नये.

पुसायचंच असेल तर ज्याला दिवसभर अनेकांचे हात लागतात तेवढंच पुसा: दाराची कडी, हातपंपाचा दांडा, पिठाच्या गिरणीचं झाकण, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन (ते मात्र ओल्या नव्हे, नुसत्या दमट फडक्यानं). आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा, मग ब्लिचिंग. त्याचं प्रमाण असं: चांगल्या ब्लिचिंग पावडरमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन असतं, म्हणून दहा लिटरच्या बादलीला ३५ ग्रॅम पुरते. मुठीचा अंदाज नको, किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणा.

पावडरला वास उरला नसेल तर ती मेली समजा. उन्हात किंवा ओलीत ठेवलेल्या पोत्याचं असंच होतं. पाणी गढूळ दिसत असेल तर अर्धा तास निवळू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा. पुसल्यावर लगेच कोरडं करू नका, दहा मिनिटं तसंच राहू द्या. कडी गंजते म्हणून नंतर साध्या पाण्यानं पुसा. आणि ब्लिचिंगमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जीवावर बेततो.

घरोघरी सॅनिटायझरच्या बाटल्या

घरात साबण आहे, पाणी आहे, तिथं सॅनिटायझरचं काम नाही. ते प्रवासात, एसटीत, बाजारात कामाचं. शेण-माती लागलेल्या हातावर तर ते चालतच नाही, मळाखालचं तसंच राहतं. तरी प्रत्येक खोलीत एक बाटली आली, आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग घरामागच्या सांदवाडीत पडला.

आपल्या भागानं याची किंमत मोजली आहे. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा लहानग्यांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातल्या वणी भागात दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. तेव्हा बाटली औषधांच्या फळीवर नको, लेकरांच्या हाती लागेल अशी नको, आणि घरात दारूचं व्यसन असलेलं कोणी असेल तर कुलपात असू द्या. हाताला चोळून लगेच चुलीपुढं बसू नये, भडका उडतो.

पूर्व विदर्भात कोणी मोहाची दारू हाताला लावून पाहिली, म्हणून सांगतो: जंतू मारायला निदान ६० टक्के अल्कोहोल लागतं, आणि गावठी भट्टीच्या मालात ते किती आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

हात धुताना नळ सुरूच

वीस सेकंद चोळायचं म्हटलं की नळही वीस सेकंद वाहतो. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे परवडत नाही. हात भिजवा, नळ बंद करा, साबण लावून चोळा, मग धुवा. नळ नसेल तर तेलाची पाच लिटरची कॅन घ्या, झाकणाखाली खिळ्यानं भोक पाडा, दोन खुंटांवरच्या आडव्या काठीला टांगा आणि पायानं दाबायच्या काडीला दोरी बांधा. पाय दाबला की कॅन वाकते आणि बारीक धार पडते. हात कशाला लागत नाही आणि पाणीही थोडं पुरतं. साबणाची वडी जाळीत घालून शेजारीच टांगा, म्हणजे ती कावळा नेत नाही. (उघडी असली तर नेतो. ज्यांच्या ओट्यावरून गेली त्यांना विचारा.) खालचं पाणी केळीला किंवा अळूला जाऊ द्या. ब्लिचिंगचं पाणी मात्र झाडाला नको.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यात तक्रार निराळी: साबणाला फेसच येत नाही. पाण्यातले क्षार आधी साबण खाऊन टाकतात आणि पांढरा चिकट थर उरतो. तिथं साबण दोनदा लावा. कपड्याच्या डिटर्जंटचं पातळ पाणी खाऱ्या पाण्यात जास्त फेसाळतं, पण रोज वापरलं तर हाताला भेगा पडतात, रात्री तेल चोळावं लागतं. टिनाच्या छपरावरून पावसाळ्यात धरलेलं पाणी असेल तर ते हात धुण्यासाठी राखून ठेवा.

राखेचं विचाराल तर साबण नसताना राखेनं चोळून धुतलेले हात न धुतलेल्या हातांपेक्षा बरे. साबण असताना राख कशाला? आणि ती लाकडाची हवी, कचरा जाळल्याची नको.

वापरलेला मास्क उकिरड्यावर

निळा मास्क कागदासारखा दिसतो, पण तो पॉलिप्रॉपिलिनचा, म्हणजे प्लास्टिकचाच. उकिरड्यावर टाकला की त्याच्या दोऱ्या गाईच्या पोटात जातात, आणि उन्हाळ्यात खताच्या गाडीबरोबर तो शेतात पोचतो. दोन पावसाळ्यांनी वखराच्या पासेला निळी चिंधी अडकलेली दिसली तर नवल नाही. पेटवून दिला तर तो धूर आपल्याच नाकात.

निरोगी माणसाचा वापरलेला मास्क कापायचा, कागदी पिशवीत ७२ तास ठेवायचा आणि मग सुक्या कचऱ्यात द्यायचा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये सांगितलं. गावात घंटागाडी येत नसेल तर ग्रामपंचायतीत त्यासाठी एक वेगळं पोतं ठेवून घ्या. रुग्णाचा कचरा त्यात घालू नका, तो आशाताईंना विचारून वेगळा द्या.

रोजच्या वापराला सुती कापडाचाच मास्क बरा. आरोग्य मंत्रालयाची रीत सोपी आहे: साबणानं धुऊन कडक उन्हात निदान पाच तास वाळवायचा, किंवा पाण्यात १५ मिनिटं उकळायचा. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा उकळणं कामी येतं. उन्हाची आपल्याकडे काय कमी! चूक होते ती कापडात. विरलेल्या लुगड्याचा एकपदरी मास्क, नाहीतर नाकाखाली सरकलेला दुपट्टा. कापड दिव्यासमोर धरा. दिवा लख्ख दिसत असेल तर आणखी पदर लावा, तीन झाले तर उत्तम. कापूस वेचताना घामानं मास्क चिंब होतो, मग श्वास कोंडतो आणि तो हनुवटीवर येतो. खरं तर मोकळ्या वावरात, अंतरावर अंतर असताना त्याची फारशी गरजही नसते. गरज असते ती सकाळी मजुरांच्या ऑटोत, जिथं बाया एकमेकींच्या मांडीवर बसतात. वावरात घालून ऑटोत काढणारे मी पुष्कळ पाहिले. दोन कोरडे मास्क सोबत ठेवा, जाताना एक आणि येताना दुसरा. ऑटोचा ताडपत्रीचा पडदा वर गुंडाळून ठेवा.

एन-९५ साबणानं धुऊ नका, सॅनिटायझरही मारू नका. त्याच्या तंतूंत कण पकडणारा विद्युतभार असतो, तो अशानं उतरतो. पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून आळीपाळीनं वापरले की बरेच दिवस जातात.

कूलर लावून दारं बंद

ही चूक शहरी लेखांत सापडत नाही, पण आपल्याकडे हीच सगळ्यात मोठी. ४५ अंशांच्या दुपारी अख्खं घर एका खोलीत, कूलर आत ओढलेला, दार-खिडकी लावलेली. खोकणारा एक आणि तीच हवा दिवसभर सगळ्यांच्या छातीत.

कूलर चालतो बाहेरच्या कोरड्या हवेवर. तो खिडकीबाहेर बसवून समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवली तर ताजी हवा आत येते आणि आतली कोंदट हवा बाहेर ढकलली जाते. गारवाही वाढतो, कारण ओल साचत नाही. अंग चिकचिक करतंय, भिंत ओलसर लागते, पापड सादळले, ही सगळी हवेला वाट नसल्याची लक्षणं. "खिडकी उघडली तर गारवा जाईल" म्हणणाऱ्या मामाजींना एक दुपार करून दाखवा.

घरात रुग्ण असेल तर हवेची दिशा पाहा. त्याच्या खोलीत कूलर असेल तर ती हवा बाहेर पडणारच. माजघराचं दार उघडं असेल तर ती घरात येते, सांदवाडीकडची खिडकी उघडी असेल तर बाहेर जाते. म्हणून आतलं दार लावा आणि बाहेरची खिडकी उघडा. उदबत्तीचा धूर कुठं ओढला जातो ते बघितलं की लगेच कळतं. छपरीत खाट टाकून मच्छरदाणी लावली तर सगळ्यात बरं.

कूलरच्या टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढा आणि झाडाला घाला. टाकीच्या भिंती घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी तिथंच चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. हंगाम संपला की जुन्या ताट्या काढून टाका. साथीत डेंग्यूचा ताप आला तर निदानाचाही घोळ होतो.

पंगतीला प्लास्टिक

लग्नात, तेरवीत "सुरक्षित" म्हणून प्लास्टिकचे ग्लास आणि थर्माकोलची ताटं आली. राज्यात त्यांवर २०१८ पासून बंदी आहे, हे बाजूला ठेवू. साबणानं घासलेलं स्टीलचं ताट तेवढंच सुरक्षित असतं, आणि पळसाच्या पानांची पत्रावळ खताच्या खड्ड्यात जाते. धोका मांडवात खांद्याला खांदा लावून बसण्यात आणि जोरजोरानं बोलत आग्रह करण्यात आहे. मांडवाच्या कनाती खाली सोडू नका, पंगती लहान करा, पानांत अंतर ठेवा. वाढपी मात्र मास्क लावूनच फिरले पाहिजेत, कारण ते प्रत्येक पानावर वाकतात.

काढा उकळून उकळून

हळदीचं दूध, तुळशीचा चहा घ्या की. पण दिवसातून चारदा गुळवेलीचा काढा नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद काहीही असो, आधीच कावीळ झालेल्यानं किंवा रोजच्या गोळ्या सुरू असलेल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या दिवसांत बांधावरच्या वेलीही मुळासकट ओरबाडल्या गेल्या. बोटभर जाडीची कांडी कडुनिंबाखाली खोचली तर पावसाळ्यात आपसूक फुटते, वेल उपटायची गरज नाही.

ताप आला, सलाईन लावली

ताप आला की टायफॉइड समजून गावातच सलाईन लावायची आणि चार दिवस घालवायचे, ही सवय जीवघेणी. त्याऐवजी रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन बघा. तो बोटाला लावून मोजणारा ऑक्सिमीटर गावात पाच-सहा घरांत मिळून एक असला तरी चालतो, प्रत्येकानं घ्यायची गरज नाही. वापरून झालं की दमट फडक्यानं पुसा आणि सेल काढून ठेवा. आकडा विचित्र येत असेल तर बोटाची मेंदी किंवा नेलपॉलिश बघा, थंड बोट चोळून गरम करा, मिनिटभर हात स्थिर ठेवा, दुसरं बोट लावा. सहा मिनिटं घरात चालवून पुन्हा मोजा. चालून आल्यावर आकडा उतरत असेल किंवा ९४ च्या खाली असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत रुग्णाला पालथं झोपवा.