तोंड आलं होतं, मलम टिकत नव्हतं: माझा अनुभव

खालच्या ओठाच्या आत पांढरट, लाल कडेचा फोड. महिन्याला एकदा ठरलेला. भडंग सोडाच, वरणभातही झोंबायचा.

सांगलीत घरोघरी हळद, म्हणून आधी हळद-तूप. मग जाईचा पाला चावला, बोरोग्लिसरीन लावलं. थोडा गारवा, बाकी काही नाही. कोलीन सॅलिसिलेट-लिग्नोकेनचं जेल लावलं की जागा बधिर व्हायची, जेवण व्हायचं, पण फोड तिथेच. चार रात्री ठणक्याने झोप नाही.

शेवटी दाताच्या डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोन ०.१ टक्क्याची तोंडात लावायची पेस्ट दिली. पहिल्या दिवशी मी ती बोटाने चोळली, तर वाळूसारखी कणी होऊन निघून आली. चूक तिथेच होती.

बरोबर क्रम असा: रात्री दात घासून चूळ भरायची. ओठ उलटा धरून स्वच्छ गॉजने फोड हलकेच टिपून कोरडा करायचा. हे सर्वांत महत्त्वाचं, ओल्यावर पेस्ट धरतच नाही. मग थोडीशी पेस्ट फक्त टेकवायची, पातळ थर धरेपर्यंत. त्यानंतर खाणं-पिणं बंद, थेट झोप.

तिसऱ्या दिवशी ठणका गेला, सहाव्या दिवशी फोड भरला. सोबत एसएलएस (फेस आणणारं रसायन) नसलेली टूथपेस्ट घेतली.

ट्रायमसिनोलोनची पेस्ट ही स्टेरॉइड आहे. बुरशीच्या किंवा नागिणीसारख्या विषाणूच्या फोडांवर लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तीन आठवडे न भरणारा फोड, विशेषतः तंबाखू-मावा खाणाऱ्याचा, घरी अजिबात ठेवू नका.