जादूची छडी घ्यावी का? परदेशी थीम पार्कला निघालेल्यांसाठी

मे महिन्याची सुट्टी संपली की माझ्या टेबलावर परदेशातली खेळणी येऊ लागतात. बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या जवळ, मी रिमोट, टॉर्च आणि खेळणी दुरुस्त करतो. आईवडील सांगतात, "काका, तिकडे छान चालत होतं, इथे काहीच होत नाही." कित्येकदा ते खेळणं बिघडलेलंच नसतं. ते ज्या पार्कमध्ये घेतलं, तिथल्या कॅमेऱ्यासाठी किंवा तिथल्या यंत्रासाठीच ते बनवलेलं असतं. कोथरूडच्या हॉलमध्ये ते चालणार कसं?

म्हणून माझं पहिलं सांगणं: अशा वस्तूचे पैसे पार्कमध्येच वसूल होतात, घरी नाही. घ्यायची तर सकाळी आत शिरल्या शिरल्या घ्या, म्हणजे पोराला पूर्ण दिवस मिळतो. संध्याकाळी बाहेर पडताना, पाय दुखत असताना, दारातल्या दुकानात घेऊ नका. तीच वस्तू, तीच किंमत, आणि वापरायला उरलेला वेळ शून्य.

दुसरं, पैसे देण्याआधी विचारा की ही चालते कशावर. आत सेल आहे का? तो बदलता येतो का? मोबाइलवर ॲप लागतं का? की सगळं काम पार्कमधलं यंत्र करतं?

उदाहरणादाखल युनिव्हर्सलच्या पार्कमधल्या हॅरी पॉटर विभागातली छडी बघा. या सगळ्यांत मला तिची रचना सर्वांत आवडते. मूळच्या छडीत सेल नाही, सर्किट नाही. टोकाला एक बारीक मणी असतो, आलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवणारा. त्या विभागातल्या दुकानाच्या खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो, मण्यावरून परततो आणि तिथला कॅमेरा त्या ठिपक्याचा माग काढतो. तुम्ही हवेत काढलेला आकार जुळला की खिडकीतली वस्तू हलते. अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये २०१४ साली डायगन ॲली हा हॅरी पॉटरचा बाजार उघडला तेव्हा ही छडी आली. नंतर जपानमधल्या ओसाका आणि अमेरिकेतल्या हॉलिवूडच्या युनिव्हर्सललाही ती चालू लागली. छडीत बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून एका पार्कमध्ये घेतलेली छडी काही वर्षांनी दुसऱ्या पार्कमध्येही चालते. घरात जुनी असेल तर नवी घेण्याआधी तीच बॅगेत टाका. नव्या पिढीच्या छडीत दिवा आणि थरथर आली आहे, म्हणजे बॅटरीही आली. ज्याला टिकाऊ वस्तू हवी त्याने हे लक्षात ठेवावं.

दुकानात दोन प्रकार शेजारी शेजारी असतात. दिसायला जवळपास सारखे, पण एक फक्त शोभेचा. खोक्यावर इंटरॅक्टिव्ह लिहिलंय का ते वाचा, टोकाचा मणी बघा, आत छडी फिरवायच्या जागा दाखवणारा नकाशा आहे का विचारा. इथे पुण्यात ऑनलाइन मागवलेल्या शोभेच्या छडीच्या टोकाला हा मणी नसतो, त्यामुळे ती तिथल्या खिडकीसमोर काहीच करणार नाही. पोराला हे विमानात बसण्याआधी सांगा, तिथे सांगितलंत तर रडारड होईल. आणि सिंगापूरला निघाला असाल तर तिथल्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरचा विभागच नाही.

छडी वापरायची कशी, हे कोणी नीट सांगत नाही. जमिनीत धातूची गोल खूण असते, तिच्यावर आकार कोरलेला असतो. तिथेच उभं राहायचं, टोक खिडकीकडे, आकार छोटा, हालचाल मनगटाची. ओसाकाला माझी नात आधी ताक घुसळावं तशी हात फिरवत होती, त्यामुळे मणी कॅमेऱ्याच्या टापूबाहेर जात होता. तिथल्या कर्मचारी मुलीने तिचं कोपर धरून हात स्थिर केला आणि पुढच्याच वेळी जमलं. नातीचा चेहरा बघून मला पैशांचं काही वाटलं नाही. जमलं नाही तर कर्मचाऱ्यांना बोलवा, लाजू नका, त्यांचं कामच ते आहे. ऑरलँडोत असाल तर नकाशा डायगन ॲलीतल्या नॉकटर्न ॲली या अंधाऱ्या गल्लीत उघडा, तिथल्या अतिनील प्रकाशात त्यावर लपलेली शाई दिसते.

एका घराला एकच छडी पुरते. दोन भावंडं आळीपाळीने फिरवू शकतात, कारण मूळची छडी कोणाच्या नावावर नोंदलेली नसते.

मनगटी पट्ट्याचं गणित उलटं आहे. ओसाकाच्या युनिव्हर्सलमधला सुपर निन्टेन्डो वर्ल्ड हा मारिओच्या व्हिडिओ गेमचा विभाग मार्च २०२१ मध्ये उघडला, तेव्हा हा पॉवर-अप बँड ३,२०० येनला होता. नंतर किंमत चढत गेली. येनचे रुपये करायला निम्मे करून त्यात थोडे वाढवा. या पट्ट्यावर ठोकळे ठोकून मिळवलेली नाणी आणि किल्ल्या साठतात, त्यामुळे तो ज्याचा त्याचा लागतो. दोन मुलं असतील तर दोन पट्टे धरूनच हिशेब करा. मारिओ कार्टच्या राइडला पट्टा लागत नाही. तीन किल्ल्या जमवून बाउझर ज्युनियर या खलनायकाशी लढायला मात्र लागतोच. त्या खेळांना रांगा असतात, म्हणून सबंध विभागाला दोन तासच देणार असाल तर पट्टा घेऊ नका. आणखी एक, गर्दीच्या दिवशी त्या विभागात शिरायला वेळ ठरवून दिलेलं प्रवेशपत्र लागतं. ते हातात पडेपर्यंत पट्ट्याच्या दुकानाकडे वळू नका. घरी निन्टेन्डोचं स्विच हे गेमचं यंत्र असेल तर पट्टा अमीबो म्हणून, म्हणजे यंत्राला टेकवायची चिपवाली वस्तू म्हणून चालतो, मग परतल्यावरही त्याला काम आहे.

डिस्नीच्या ऑरलँडोतल्या मॅजिकबँड या मनगटी पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो. फाटक उघडायला तो लागतोच असं नाही, कार्ड किंवा फोन चालतो. २०२२ चा मॅजिकबँड प्लस चार्ज करता येतो आणि दिवे, थरथर यांनी प्रतिसाद देतो. त्याआधीच्यांत बॅटरी बंदिस्त आहे, ती संपली तरी टेकवून उघडायचं काम चालू राहतं. असा पट्टा घेऊन माझ्याकडे आलात तर मी तो उघडणार नाही. कापला की पाणी आत जाणार. ऑरलँडोतच युनिव्हर्सलच्या व्होल्कॅनो बे या जलउद्यानात सुरुवातीला टापूटापू नावाचा पट्टा तिकिटातच मिळायचा आणि जाताना परत द्यायचा असायचा. म्हणजे कुठलाही पट्टा विकत घेण्याआधी तिकिटात काय येतं ते वाचा.

डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कमधल्या स्टार वॉर्सच्या विभागात २०१९ साली स्वतः जोडायची प्रकाश-तलवार १९९.९९ डॉलरला आणि छोटा यंत्रमानव ९९.९९ डॉलरला मिळत होता. आता दोन्ही महाग आहेत. यातला यंत्रमानव विभागातल्या ब्लूटूथ खुणांना आणि दुसऱ्या यंत्रमानवांना प्रतिसाद देतो, आणि रिमोटवर घरीही चालतो. दोघांतलं एकच परवडणार असेल तर मी यंत्रमानव निवडेन. तलवार लखलखते खूप, पण पार्क तिला ओळखत नाही.

कार्ड मशीनवर "रुपयांत की येनमध्ये" असं विचारलं तर येन निवडा, डॉलरच्या देशात डॉलर. रुपये निवडले की दुकानाच्या बाजूचा दर लागतो आणि तो सहसा महागच पडतो.

परत आल्यावर सेल बदलता येत असलेल्या वस्तूतले सेल काढून मगच ती शोकेसमध्ये ठेवा. सेल आतल्या आत पाझरून पत्र्या हिरव्या झाल्या की मला त्या घासाव्या लागतात, आणि कधीकधी घासूनही उपयोग होत नाही. छडीचं टोक मऊ कापडात गुंडाळा, मण्याला चरे पडू देऊ नका. पुढच्या सुट्टीत सोसायटीतलं कोणी ओसाकाला निघालं, तर नकाशासकट ती त्यांच्या पोरांना देऊन टाका.