व्हिटॅमिन सी ची पटकन फुटणारी टॅबलेट: बनवायची कशी, तपासायची कशी

बी.फार्मच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला असेल तर आधी हे लक्षात घ्या, गोळी लवकर फुटावी म्हणून आपण पाणी ओढणारं सुपरडिसइंटिग्रंट घालतो आणि व्हिटॅमिन सी ला तर ओलावा अजिबात चालत नाही, म्हणजे सगळी लढाई दमट हवेशीच आहे. म्हणून वेट ग्रॅन्युलेशन (पावडर ओली करून दाणे बनवणं) नकोच, सरळ डायरेक्ट कॉम्प्रेशन करा, म्हणजे कोरडी पावडरच दाबून गोळी बनवा, आणि पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लावल्याशिवाय डबा उघडूसुद्धा नका.

250 मिग्रॅच्या गोळीसाठी सुरुवात अशी करता येईल (सगळे आकडे मिग्रॅमध्ये): अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड 100, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज 133.5 (गोळीचा आकार भरून काढणारं, कमी ओलाव्याचा ग्रेड), क्रॉसपोविडोन 10 (हेच आपलं सुपरडिसइंटिग्रंट), स्टिअरिक अ‍ॅसिड 5 (ल्युब्रिकंट, म्हणजे पावडर साच्याला चिकटू न देणारं), एरोसिल 1.5 (पावडर नीट वाहावी म्हणून). क्रॉसपोविडोन घेताना पेरॉक्साइड कमी असलेला ग्रेड बघा, नाहीतर तेच व्हिटॅमिनला ऑक्सिडाइझ करतं. मॅग्नेशियम स्टिअरेट मुद्दाम टाळलंय, ते थोडं अल्कलाइन असतं आणि गोळ्या पिवळट पडू शकतात. चाळणी स्टेनलेस स्टीलचीच घ्या, लोखंड-तांब्याचा अंशही नको. ल्युब्रिकंट एकदम शेवटी घाला आणि दोन-तीन मिनिटंच फिरवा, जास्त फिरवलं की त्याचा थर कणांवर चढतो आणि गोळीत पाणी शिरायलाच वेळ लागतो, मग क्रॉसपोविडोन कितीही वाढवा.

आता टेस्टिंग. 20 गोळ्या वजन करा, सरासरीच्या ±5% बाहेर दोनपेक्षा जास्त जाता कामा नयेत आणि ±10% बाहेर एकही नको. फ्रायबिलिटीला (गोळी किती झिजते ते बघायला) साधारण 26 गोळ्या, फिरत्या ड्रममध्ये 100 फेरे, घट 1% च्या आत. डिसइंटिग्रेशन 37 अंशाला 6 गोळ्यांवर, साध्या अनकोटेड गोळीला 15 मिनिटांची मुभा आहे पण फास्ट रिलीज म्हणायचं तर दोन-तीन मिनिटांत फुटायलाच हवी. आणि फुटली म्हणजे विरघळली असं नाही हं, डिझोल्यूशन वेगळं करायचंच: पॅडल, 50 आरपीएम, 900 मिली पाणी. सॅम्पल काढलं की लगेच तपासा, ठेवून दिलं तर द्रावणातच व्हिटॅमिन खराब होतं आणि तुम्ही उगाच फॉर्म्युल्याला दोष देत बसता.

अ‍ॅसे (गोळीत व्हिटॅमिन नेमकं किती आहे ते मोजणं) मात्र एकदम सोपी. 150 मिग्रॅ व्हिटॅमिन असेल इतकी पावडर म्हणजे साधारण 375 मिग्रॅ घ्या, उकळून गार केलेलं पाणी, थोडं डायल्यूट सल्फ्युरिक अ‍ॅसिड, स्टार्च, आणि 0.05 मोलर आयोडीनने टायट्रेट करा. 1 मिली आयोडीनला 8.806 मिग्रॅ व्हिटॅमिन, म्हणजे 17 मिलीच्या आसपास निळा रंग टिकला पाहिजे.

स्टॅबिलिटीला (गोळी किती टिकते ते बघायला) 40 अंश आणि 75% आर्द्रतेत 6 महिने ठेवा, पण अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु स्ट्रिपमध्येच (दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमची), आणि दर वेळी अ‍ॅसेबरोबर डिसइंटिग्रेशनची वेळही नोंदवा, कारण ओलावा खाल्लेलं क्रॉसपोविडोन आधीच फुगून बसलेलं असतं.