मुळशी ते वेल्स: भगिनी कॅम्पससोबत काम सुरू करण्याआधीची तयारी

युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, म्हणजे वेगवेगळ्या देशांतली मुलं एकत्र शिकतात अशा आंतरराष्ट्रीय शाळा. या कुटुंबात आज 18 शाळा आहेत. पहिली 1962 मध्ये वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात सुरू झाली. आपल्या मुळशी तालुक्यातलं महिंद्रा कॉलेज 1997 चं. ध्येय एक, आयबी डिप्लोमा (बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) एक, पण प्रत्येक शाळा कायद्याने स्वतंत्र आहे. संचालक मंडळ वेगळं, तिजोरी वेगळी, सुट्ट्यांचं वेळापत्रकही वेगळं. त्यामुळे नातं कितीही जवळचं असलं तरी दोन कॅम्पसमधलं काम कुणीतरी बसून जुळवावं लागतं. हे जुळवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि समन्वयकांसाठी ही यादी आहे. पहिला ईमेल जाण्याच्या आधीपासून ती सुरू होते.

सर्वांत आधी जोडी ठरवा, आणि ती दोनच कॅम्पसची ठेवा. तीन चालतील, अठरांना एकदम बोलावलं की एक सुंदर पोस्टर होतं, एक कॉल होतो आणि पुढे काहीच होत नाही. प्रत्येक बाजूने 4 ते 6 विद्यार्थी आणि एक शिक्षक एवढं पुरे. एकूण संख्या 12 च्या वर गेली की पडद्यावर निम्मी मुलं गप्प बसतात. जोडी निवडताना कोणता कॅम्पस आपल्या ओळखीचा आहे याला फार महत्त्व देऊ नका. दोन्ही ठिकाणच्या मातीत उत्तर शोधता येईल असा प्रश्न कोणता, ते आधी पाहा. ‘संस्कृतींची देवाणघेवाण’ हा विषय म्हणून कुचकामी आहे. त्यातून खाद्यपदार्थांचे फोटो आणि सणांची माहिती यापलीकडे फारसं काही निघत नाही.

मुळशी आणि वेल्स यांच्यासाठी असा प्रश्न तयारच आहे. मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या, वीज मुंबईला गेली, आणि 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. वेल्सच्या उत्तर भागात त्रवेरिन नदीचं खोरं 1965 मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी बुडवलं गेलं, त्यात कापेल केलिन हे वेल्श भाषिक गाव शाळा-प्रार्थनामंदिरासकट पाण्याखाली गेलं. दूरच्या शहराच्या गरजेसाठी एका खोऱ्याने किंमत मोजली, ती कुणाला विचारून? या एका प्रश्नावर दोन गट सहा महिने मन लावून काम करू शकतात. दोघांकडेही सांगण्यासारखं सारखंच असल्यामुळे ‘तुम्ही मदत करणारे, आम्ही मदत घेणारे’ अशी उतरंड तयार होत नाही. भागीदारीला सगळ्यात मोठा धोका या उतरंडीचा असतो आणि विषय निवडतानाच तो टाळता येतो.

विषय ठरला की तो आयबीच्या चौकटीत कुठे बसतो ते लिहून काढा. सीएएस म्हणजे सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा यांचा आयबीतला सक्तीचा भाग. त्यातला प्रकल्प किमान एक महिन्याचा असावा लागतो आणि संपूर्ण सीएएस किमान 18 महिने चालतं. संयुक्त काम या प्रकल्पात मोजलं गेलं तर विद्यार्थ्यांना त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. दोन्हीकडच्या सीएएस समन्वयकांची मान्यता सुरुवातीलाच घ्या. एकीकडे मोजलं आणि दुसरीकडे नाही, तर दुसरा गट महिनाभरात विरळ होतो.

आता वर्षाचा कोणता काळ. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दोन वर्षांच्या कॉलेजात दर मे महिन्यात निम्मे विद्यार्थी कायमचे निघून जातात. दुसऱ्या वर्षाची मुलं ऑक्टोबर ते जानेवारी विद्यापीठांचे अर्ज आणि 4,000 शब्दांचा विस्तारित निबंध यांत बुडालेली असतात, त्यानंतर सराव परीक्षा, मग एप्रिलअखेरपासून अंतिम परीक्षा. म्हणून गट पहिल्या वर्षाच्या मुलांचा बांधा. दुसऱ्या वर्षाचे एक-दोघे सोबत ठेवा, पण सल्लागार म्हणून. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवी मुलं वसतिगृहात रुळू द्या, ऑक्टोबरमध्ये गट निवडा, प्रत्यक्ष काम डिसेंबर ते मार्च.

मुळशीत हाच काळ आणखी एका कारणाने योग्य आहे. जून ते सप्टेंबर इथला पाऊस कामाला बसू देत नाही, जुलैत गावं भातलावणीत असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि दिवाळी. अशा वेळी मुलाखतीला गेलात तर लोक सौजन्याने दोन मिनिटं बोलतील आणि शेताकडे निघतील.

आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशातल्या वॉटरफर्ड काम्ह्लाबा या भगिनी शाळेशी जोडी असेल तर गणित वेगळं. तिथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि अंतिम परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. आपल्या ऑक्टोबरच्या उत्साहाच्या वेळी त्यांचे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षेच्या दारात उभे असतात. तिथे जानेवारी ते एप्रिल हीच खिडकी धरा. चीनमधलं चांगशू, हाँगकाँग आणि सिंगापूर इथे चांद्र नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत कधी येते ते दर वर्षी तपासा. रमजानही दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो; उपवासाच्या संध्याकाळी इफ्तारच्या वेळेवर कॉल ठेवू नका.

वेळेचा तक्ता कागदावर करा, डोक्यात ठेवू नका. भारताचं घड्याळ वर्षभर स्थिर असतं, वेल्सचं नसतं. हिवाळ्यात वेल्स आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळी वेळेत साडेचार. बदल ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. वेल्सची दुपारी 1 ची जेवणाची सुट्टी पकडायची असेल तर आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी 6:30 आणि उन्हाळी वेळेत 5:30 वाजतात. नोव्हेंबरचा पहिला कॉल यामुळेच हुकतो: एक गट तासभर आधी येऊन वाट पाहतो आणि कंटाळून निघून जातो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचा कॅम्पस जोडीत असेल तर तिथला बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असतो, म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे तिघांचंही गणित बिघडलेलं असतं. आमंत्रणात दोन्हीकडची स्थानिक वेळ आणि तारीख स्पष्ट लिहा.

आणि गैरसोय वाटून घ्या. आपल्या संध्याकाळी 7 ला सिंगापुरात रात्रीचे 9:30 आणि जपानच्या करुइझावात 10:30 वाजलेले असतात, तर न्यू मेक्सिकोत हिवाळ्यात सकाळचे 6:30. नेहमी एकाच कॅम्पसच्या मुलांनी झोप मोडायची, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण दोन महिन्यांत हजेरीतून दिसतं. तीन खंडांतले कॅम्पस असतील तर एकच मोठा कॉल करण्याऐवजी दोन छोटे करा आणि पहिल्याचं टिपण दुसऱ्यात वाचा.

तांत्रिक तयारीत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. सहा जण एका खोलीत असतील तर मध्यभागी एकच कॉन्फरन्स माइक आणि एकच लॅपटॉप चालू. दुसरा लॅपटॉप लागलाच तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमून कानठळ्या बसतात. राउटरला इन्व्हर्टर किंवा यूपीएस लावा, आणि वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी ठेवा. पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात थेट बोलणं अशक्यच, तेव्हा दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रित निरोप पाठवणं बरं. चांगशू जोडीत असेल तर गुगल डॉक्स, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब यांवर काही उभारू नका. तिथे ते उघडत नाहीत. कोणतं साधन चालतं ते तिथल्याच शिक्षकांना विचारा आणि पहिल्या कॉलच्या आठवडाभर आधी पाच मिनिटांची चाचणी घ्या.

पहिल्या कॉलआधी दोन पानांचा करार तयार हवा, दोन्ही प्राचार्यांच्या सह्यांसह. त्यात काय करायचं, कधीपर्यंत, खर्च कोण करणार, मुलाखती आणि फोटो कुणाच्या मालकीचे, तक्रार कुणाकडे करायची आणि काम मध्येच थांबवायचं झालं तर कसं, एवढं असावं. थांबवण्याचं कलम लिहायला संकोच वाटतो, पण तेच नसल्यामुळे मेलेल्या भागीदाऱ्या वर्षभर कागदावर जिवंत राहतात.

मुलांच्या सुरक्षिततेचा भाग करारात एका ओळीत उरकू नका. भारतात पॉक्सो कायद्याखाली 18 वर्षांखालील मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने आधी अंतर्गत चौकशी करत बसणं चालत नाही. वेल्समध्ये शाळेचा नेमलेला सुरक्षा अधिकारी आणि स्थानिक परिषदेची समाजसेवा शाखा असा मार्ग असतो. कॉलवर एखादी मुलगी काही सांगून गेली आणि ऐकणारा शिक्षक दुसऱ्या देशात असला तर पुढच्या तासाभरात कुणी कुणाला फोन करायचा, ही नावं आणि नंबर दोन्हीकडे छापील असावेत. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे खासगी नंबर एकमेकांकडे जाऊ नयेत. शाळेच्या खात्यावरचा एकच गट ठेवा आणि त्यात दोन्हीकडचा एकेक शिक्षक असू द्या. सिंगापूरच्या शाळेत पाच हजारांहून जास्त मुलं शिकतात आणि बहुतेक संध्याकाळी घरी जातात, तेव्हा रात्रीचा कॉल त्यांच्या घरातून होतो. तिथे कॉलबद्दल पालकांना आधी कळवणं आलंच. फोटो-व्हिडिओच्या परवानगीचं वय देशागणिक वेगळं आहे. भारताचा 2023 चा विदा (डेटा) संरक्षण कायदा 18 खालच्या प्रत्येकाला बालक मानतो, म्हणून सर्वांत कडक नियम सगळ्यांना लावा.

गावात जाताना सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी बोला, आणि एका घरी तीनपेक्षा जास्त विद्यार्थी नेऊ नका. त्यात एक तरी मराठी सफाईने बोलणारा असावा. शहरी मराठीही कधी कधी अवघडलेपण आणते, म्हणून त्याच भागातला एखादा तरुण सोबत घेतलात तर उत्तम. प्रश्न 8 ते 10, वेळ 40 मिनिटं. रेकॉर्डर बाहेर काढण्यापूर्वी हे कुठे जाणार आणि कोण ऐकणार ते सांगा आणि होकार घ्या. ‘धरणात किती जमीन गेली?’ याने सुरुवात केली तर आकडा मिळतो आणि बोलणं संपतं. ‘तुमच्या आजीचं माहेर कुठलं?’ याने केली तर बुडालेल्या गावांची नावं, वाटा, देवळं आपोआप येऊ लागतात. वेल्सच्या गटालाही हेच सांगा, पण त्यांची अडचण ध्यानात ठेवा: शाळा दक्षिणेला आणि त्रवेरिन उत्तरेला, म्हणजे मुक्कामाचा प्रवास. तो जमला नाही तर त्यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि छायाचित्रं यांवर काम करावं. जे तयार होईल त्याची मराठी प्रत गावात द्यायची, हे करारात आधीच लिहून ठेवा.

प्रत्यक्ष भेटीचा बेत भागीदारीच्या दुसऱ्या वर्षाआधी आखू नका, कारण तिथे पासपोर्टची विषमता उघडी पडते. एकाच गटात ब्रिटिश, भारतीय आणि निर्वासित प्रवासपत्रावर फिरणारा विद्यार्थी असतो. ज्याचा कागद सर्वांत कमजोर त्याला जाता येईल तेच ठिकाण निवडा. भारतात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा एकदा प्रवेशाचा आहे की अनेकदा, ते तिकिटाआधी बघा. इटलीतल्या दुईनो कॅम्पसचा विद्यार्थी निवास परवाना हाती येण्याआधी, नुसत्या पावतीवर, शेंगेनमधल्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटातल्या) दुसऱ्या देशात जाऊ शकत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाला 15 दिवसही उरले नसतील तर उशीर झाला. विमा किमान 30,000 युरोचा, पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध. अल्पवयीन मुलांसाठी आई-वडील दोघांचं नोटराइज्ड संमतिपत्र लागतं, आणि पालक तिसऱ्याच खंडात असतील तर ते कागद यायला आठवडे जातात. 10 ते 12 आठवडे आधी पत्रं मागवा. पाहुणे आपल्याकडे येणार असतील तर त्यांच्या मुक्कामाचा सरकारी फॉर्म ते आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन भरायचा. शनिवारी रात्री गट उतरला आणि कार्यालयीन कर्मचारी सोमवारी आले, इथेच चूक होते. पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्यांनी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेतली असेल तर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून वैध ठरतं. थेट विमान नसेल तर मधला थांबा कोणत्या देशात आणि किती तासांचा तेही तपासा. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही. ते शाळेने सोसायचं की कुटुंबाने, हे आधीच ठरलेलं असावं.

शेवटी हस्तांतरण. ते मे महिन्यावर टाकू नका. परीक्षेनंतर तीन दिवसांत मुलं विमानात असतात. जानेवारीअखेर पहिल्या वर्षातले दोन जण पुढचे जबाबदार म्हणून नेमा आणि फेब्रुवारीपासून कॉल त्यांनाच चालवू द्या. एका फोल्डरमध्ये करार, संपर्कांची छापील यादी, मुलाखतींच्या मूळ फाइल्स, प्रत्येक मुलाखतीच्या संमतीची नोंद आणि ‘काय अर्धवट राहिलं’ असं एक पान ठेवा. फोल्डर शाळेच्या खात्यावर हवा. विद्यार्थ्याच्या खात्यावर असेल तर शाळा सोडल्यावर ते खातं बंद होतं आणि वर्षाचं काम त्यासोबत जातं. मे संपण्याआधी दोन्ही शिक्षकांनी पुढच्या ऑक्टोबरच्या पहिल्या कॉलची तारीख, दोन्ही वेळांसह, कॅलेंडरमध्ये घालून ठेवावी.