सोन्यावर थायॉलचा एकरेणवीय थर कसा बसवायचा

हेक्झाडेकेनथायॉल म्हणजे सोळा कार्बनांची मेणासारखी साखळी आणि तिच्या एका टोकाला गंधक (असे गंधकाचे टोक असलेले संयुग म्हणजे थायॉल). गंधक धातूला धरतो, साखळ्या दाटीने उभ्या राहतात, आणि एकाच रेणूइतक्या जाडीचा, सुमारे 2 नॅनोमीटरचा थर तयार होतो. त्या कशा उभ्या राहणार हे मात्र धातू ठरवतो: सोन्यावर साधारण 30 अंशांनी कललेल्या, चांदीवर जेमतेम 10 अंशांनी. सुरुवात सोन्यापासूनच करावी, कारण त्यावर हवेत ऑक्साइड धरत नाही.

काचेवर आधी 5 नॅनोमीटर क्रोमियम आणि त्यावर 100 नॅनोमीटर सोने चढवलेला तुकडा घ्या. क्रोमियम नसेल तर सोने सोलून निघते. तुकडा यूव्ही-ओझोन यंत्रात (अतिनील किरण आणि ओझोनने पृष्ठभाग स्वच्छ करणारे यंत्र) 15 मिनिटे ठेवा, मग शुद्ध इथेनॉलमध्ये अर्धा तास बुडवा. हे बुडवणे अनेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. ओझोनमुळे सोन्यावर ऑक्साइड येतो. इथेनॉलने तो घालवला नाही तर थायॉलखाली अडकून बसतो.

20 मिलिलिटर इथेनॉलला 6 मायक्रोलिटर थायॉल घातले की 1 मिलिमोलर (लिटरमागे एक सहस्रांश मोल) द्रावण होते. थायॉल 18 ते 20 अंशांना गोठते, त्यामुळे पुण्याच्या डिसेंबरात बाटलीत पांढरा गोळा दिसला तर दचकू नका. बाटली कोमट पाण्यात धरून पूर्ण वितळू द्या, मगच पिपेट लावा. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करा, वास फार उग्र असतो.

तुकडा झाकणाच्या काचेच्या बाटलीत 18 ते 24 तास बुडवून ठेवा. गंधक काही मिनिटांतच चिकटतो. बाकीचा वेळ साखळ्यांना नीट ओळीत बसायला लागतो. घाईने काढलेला थर विरळ राहतो. नंतर इथेनॉलने धुऊन नायट्रोजनच्या झोताने वाळवा. वर पाण्याचा थेंब ठेवा: तो गोल उभा राहिला आणि संपर्ककोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) 110 अंशांच्या आसपास आला, तर थर चांगला. थेंब पसरू लागला तर बहुधा पृष्ठभाग अस्वच्छ होता.

तांब्याचे तंत्र वेगळे. त्यावर ऑक्साइड आधीच असतो. तो 35 अंशांच्या ग्लेशियल (जवळपास पाणी नसलेल्या) ॲसेटिक ॲसिडने काढा, पाण्याने न धुता नायट्रोजनने वाळवा आणि लगेच द्रावणात सोडा. त्या द्रावणातून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडलेला असावा, नाहीतर विरघळलेला ऑक्सिजन ऑक्साइड पुन्हा तयार करतो.

तयार थर उघडा ठेवू नका. हवेतला ओझोन गंधकाला ऑक्सिजन जोडून त्याचे सल्फोनेट करतो, त्याची पकड सैल होते आणि पुढच्या धुण्यात साखळ्या निघून जातात. नायट्रोजन भरलेल्या डबीत, अंधारात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर वापरा.